साडी नेसून गाणाऱ्या बालगंधर्वांना डोक्यावर घेतलं, पण साडीबाहेरच्या माणसाचं काय?

एखाद्या गायकाने आपण ट्रान्सजेंडर असल्याचं सांगितलं की आज लगेच वाद पेटतो. पण शंभर वर्षांपूर्वी याच महाराष्ट्राने साडी नेसून गाणाऱ्या एका पुरुषाला डोक्यावर घेतलं होतं. ते होते नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व.

त्यांचा जन्म २६ जून १८८८ चा. खानदेशाशी नातं लहानपणापासूनचं. जळगावात ते मेहबूबखाँ यांच्याकडे गाणं शिकले. पुढे लोकमान्य टिळकांमुळे ‘बालगंधर्व’ हे नाव पडलं. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि शकुंतला झाले. मग भामिनी, रुक्मिणी, सिंधू.

तेव्हा घरंदाज बायकांनी नाटकात काम करणं समाजाला चालत नव्हतं, म्हणून स्त्रीभूमिका पुरुषच करायचे. पण बालगंधर्वांची जादू वेगळी होती. त्यांच्या साड्या, दागिने, केशरचना बघून घरोघरच्या बायका तशाच नटू लागल्या.

मात्र या प्रेमाला अटी होत्या. १९३५ च्या ‘धर्मात्मा’ सिनेमात ते संत एकनाथ झाले, पण पुरुषवेशातले बालगंधर्व प्रेक्षकांना फारसे रुचले नाहीत. गोहरबाई कर्नाटकींसोबत राहू लागले, तेव्हा तर टीकेची झोड उठली.

बालगंधर्व खासगी आयुष्यात पुरुष म्हणूनच जगले, त्यामुळे त्यांना ट्रान्सजेंडर म्हणता येणार नाही. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, १५ जुलै १९६७ ला ते गेले. जळगावात आज त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे.

रंगमंचावरची बाई लोकांना हवी होती, कारण नाटक संपलं की ती संपायची. ट्रान्सजेंडर कलाकाराचं तसं नसतं. आजचा वाद नेमका तिथेच सुरू होतो.