माळव्यातली आजी : अहिल्याबाई होळकर

महाराष्ट्राबाहेरील अनेक मराठी मंडळांच्या सभागृहांत, हाती शिवलिंग घेतलेल्या शुभ्रवसना अहिल्याबाईंची तसबीर आढळते. तिला हार घालताना आपण एका थोर राज्यकर्तीस वंदन करतो. परप्रांती येऊन संसार मांडलेली स्त्री, आई आणि आजी म्हणून त्यांचे चरित्र मात्र क्वचितच सांगितले जाते. येथे तेवढाच मानस आहे.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी या गावी, गावचे पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात मोडते. १७३३ मध्ये मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. माळव्यात मराठ्यांचा अंमल त्या सुमारास नुकताच बसत होता. आपल्यापैकी पुष्कळांना बदलीच्या हुकुमाने परप्रांत घडला. त्यांना तो आठव्या वर्षी लग्नाने घडला. हुकुमात निदान परतीची आशा असते.

सासऱ्यांनी सुनेचे गुण अचूक हेरले. वसुली, हिशेब, पत्रव्यवहार हे सारे त्या त्यांच्याच हाताखाली शिकल्या. तोफखान्याच्या सामग्रीची तजवीज करण्याविषयी मल्हाररावांनी सुनेला पत्रे लिहावीत, इतका त्यांचा विश्वास होता. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडले. अहिल्याबाई सती जाण्यास सिद्ध झाल्या असता वृद्ध सासऱ्यांनी त्यांना कळवळून परावृत्त केले. म्हाताऱ्या माणसाच्या आर्जवाखातर त्या मागे राहिल्या, ही गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी.

१७६६ मध्ये मल्हारराव वारले आणि पुढच्याच वर्षी पुत्र मालेरावही गेले. मालेरावांच्या अल्प कारकीर्दीविषयी चांगले लिहावे असे फारसे नाही. राघोबादादांनी त्या वेळी होळकरांच्या दौलतीवर दृष्टी ठेवली, तेव्हा बाईंनी दाखविलेला करारीपणा शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना परिचित आहे. थोरल्या माधवरावांनी बाईंचा पक्ष घेतला, फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे आली आणि बाईंनी नर्मदाकाठचे महेश्वर आपले ठाणे केले. घाट बांधले, विणकर आणून वसविले. महेश्वरी लुगड्याची कीर्ती तेव्हापासूनची.

काशीविश्वेश्वराचे आजचे मंदिर १७८० चे, सोमनाथ येथील त्यांचे मंदिर १७८३ चे आणि गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ चे. हा दानधर्म खासगीच्या उत्पन्नातून झाला. दौलतीचा जमाखर्च निराळा राहिला. हिशेबाच्या शिस्तीत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला या मंदिरांच्या शिखरांइतकेच त्यामागील वहीखाते वंदनीय वाटते.

पण वाड्यात काय होते? मुलगी मुक्ताबाई, जावई यशवंतराव फणसे आणि त्यांचा मुलगा नथ्याबा. मुलगा गेलेल्या आईला लेकीचा मुलगा काय असतो, हे ज्या घरांत आजी आहे तेथे सांगावे लागत नाही. तो नातू ऐन तारुण्यात आजीच्या डोळ्यांदेखत महेश्वरीच वारला. वर्षभराने, १७९१ मध्ये, यशवंतरावही निवर्तले आणि मुक्ताबाईंनी सहगमनाचा निश्चय केला.

या प्रसंगाचा वृत्तांत सर जॉन माल्कम यांनी पुढे माळव्यातील जुन्या माणसांकडून मिळवून १८२३ मध्ये आपल्या ग्रंथात नोंदविला. आईने मुलीपुढे पदर पसरला, देवाची आण घातली; परंतु मुलीचे उत्तर तयार होते. आपण वृद्ध आहात, आपल्यामागे मला कोण, असा त्याचा आशय. सदतीस वर्षांपूर्वी एका सासऱ्याचे आर्जव एका सुनेने ऐकले होते. आता तीच सून आर्जव करीत होती आणि ते ऐकले गेले नाही. बाई चितेपर्यंत चालत गेल्या. ज्वाळा उठताच त्यांचा धीर सुटला आणि दोन ब्राह्मणांनी त्यांना धरून ठेवले. त्यानंतर सुमारे तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही, की एक शब्द उच्चारला नाही.

राज्यकर्त्या म्हणून त्यांचा अधिकार एवढा, की त्यांचा शब्द मोडण्यास मोठमोठे सरदार कचरत. परंतु रूढीपुढे तो अधिकार पोटच्या मुलीलाही वाचवू शकला नाही. चरित्रकार हा प्रसंग बहुधा दोन ओळींत आटोपतात. मला तो त्यांच्या चरित्राचा गाभा वाटतो.

मुलीच्या स्मरणार्थ त्यांनी महेश्वरी सुंदर छत्री बांधविली आणि पुन्हा कारभारात लक्ष घातले. आणखी चार वर्षे तो चालला. माहेरच्या गावापासून शेकडो मैलांवर, १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. मुलगा, मुलगी वा नातू यांपैकी तेव्हा कोणीही हयात नव्हते. गादी तुकोजींकडे गेली. महेश्वरच्या वाड्यात मातीच्या शिवलिंगांची पूजा करून ती नर्मदेत सोडण्याचा त्यांचा परिपाठ मात्र पुढेही चालू राहिला.