आवाजाला दिशा देणारा माणूस

घरात नवे होम थिएटर आले, की पहिल्या रविवारी पाहुण्यांपुढे काय लावायचे यावर हमखास वाद होतो. धाकट्यांना मारधाडीचा इंग्रजी सिनेमा हवा असतो, वडीलधाऱ्यांना ‘शोले’तले ते उडवलेले नाणे. कथेशी त्या दिवशी कोणालाच देणेघेणे नसते. डावीकडून उजवीकडे काहीतरी धडधडत गेले म्हणजे पैसे वसूल! ही हौस आजची नव्हे. नव्वद वर्षांपूर्वी एका इंग्रज इंजिनिअरला नेमकी हीच अडचण पडली होती. फरक एवढाच, की त्याच्या यंत्राचे कौतुक दाखवील असा चित्रपटच तेव्हा जगात नव्हता. म्हणून त्याने तो स्वतःच काढला.

त्याचे नाव ॲलन ब्लमलाइन. जन्म २९ जून १९०३, लंडनचा. वडील मूळचे जर्मन, खाणींचे इंजिनिअर. आई दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या एका मिशनऱ्याची मुलगी. पोरगे मुलखावेगळे. सातव्या वर्षी त्याने घराच्या दाराची घंटा दुरुस्त केली आणि इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणून वडिलांना रीतसर बिल दिले. वाचनाच्या नावाने मात्र बाराव्या वर्षापर्यंत आनंदच होता. पुढे १९२३ साली त्याने पहिल्या वर्गात पदवी मिळवली.

१९२९ साली तो कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत आला. त्या वेळी ध्वनिमुद्रणाची पद्धत अमेरिकन पेटंटांनी जखडलेली होती आणि प्रत्येक रेकॉर्डमागे रॉयल्टी मोजावी लागे. ब्लमलाइनने ती सारी पेटंटे चुकवून नवी यंत्रणा उभी केली. कंपन्यांचे विलीनीकरण होऊन १९३१ साली ‘ईएमआय’ जन्मली, तेव्हा तो तिचा हुकमी एक्का होता.

त्याच वर्षी आपल्याकडे मुंबईत ‘आलम आरा’ लागला. बोलपटाची नवलाई सगळीकडेच होती. पण लंडनच्या एका थिएटरात भावी पत्नी डोरीनबरोबर बसलेल्या ब्लमलाइनला भलतेच खटकले. नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज आपला दुसरीकडूनच! आंधळ्या माणसाला हा नट कुठे उभा आहे हे कसे कळावे? बाकीचे प्रेक्षक खुशीत होते. याने मात्र त्यावर उपाय शोधला.

आपल्याला आवाजाची दिशा कळते ती दोन कानांमुळे. एका कानाला तो किंचित आधी आणि किंचित मोठा ऐकू येतो, त्यावरून मेंदू ठिकाण ताडतो. ब्लमलाइनने दोन मायक्रोफोन काटकोनात लावून हा फरक टिपला. पण रेकॉर्डच्या एकाच खाचेत दोन आवाज साठवायचे कसे? खाचेच्या दोन भिंती दोन्हीकडे ४५ अंशांनी कललेल्या. एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. इतके साधे! १४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटाचा अर्ज केला. त्यात तब्बल ७० दावे होते.

जानेवारी १९३४ मध्ये ॲबी रोड स्टुडिओत थॉमस बीचम मोझार्टची सिंफनी बसवत असताना त्याने ती या पद्धतीने मुद्रित केली. १९३५ साली चित्रपटांची पाळी आली. एकात माणसे रंगमंचावर बोलत बोलत नुसती इकडून तिकडे चालतात. दुसऱ्यात हेज स्टेशनातून वाफेच्या गाड्या येतात आणि जातात. पाच मिनिटांच्या या फिल्ममध्ये ना नायक, ना गाणे. पण गाडी जिथे दिसते तिथूनच तिची धडधड ऐकू येते. आवाज मिरवण्यासाठी याहून चोख विषय आजही सापडायचा नाही.

कंपनीने मात्र यात पुढे पैसा घातला नाही. तिचे लक्ष टेलिव्हिजनकडे लागले होते आणि ब्लमलाइनलाही तिकडेच जुंपले गेले. १९३६ साली बीबीसीने सुरू केलेल्या ४०५ रेषांच्या प्रक्षेपणात त्याचा मोठा वाटा होता. मग युद्ध आले. अंधारात आणि ढगांतून जमिनीचे चित्र दाखवणाऱ्या ‘एचटूएस’ रडारवर तो काम करू लागला. ७ जून १९४२ रोजी त्याची चाचणी घेणारे हॅलिफॅक्स विमान वाय नदीजवळ वेल्श बिकनर येथे कोसळले. इंजिनातला एक नट नीट आवळला गेला नव्हता. त्यातून आग लागली. अकराच्या अकरा जण गेले. ब्लमलाइन तेव्हा अवघा ३८ वर्षांचा होता. मागे डोरीन आणि दोन लहान मुलगे.

रडार गुप्त, म्हणून मृत्यूही गुप्त. नावावर १२८ पेटंटे असलेल्या माणसाच्या निधनाचा त्या वेळी गाजावाजा झाला नाही. स्टिरिओच्या पेटंटाची मुदत १९५२ साली संपली. त्यानंतर पाचसहा वर्षांनी स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या, त्याच ४५ अंशांच्या खाचेच्या. घरोघरी त्या वाजू लागल्या, पण वेष्टनावर त्याचे नाव नव्हते. ध्वनिमुद्रणातील तांत्रिक कामगिरीसाठी ग्रॅमी त्याला मिळाले ते २०१७ साली, मृत्यूनंतर ७५ वर्षांनी.