पंडिता रमाबाई व दहा वर्षांची वर्गणी

जळगांवाहून मनमाड-दौंड मार्गानें पुण्यास जातांना दौंड सोडल्यावर थोड्या वेळानें केडगांव नांवाचें लहानसें स्टेशन लागतें. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनीं तें गाडीच्या खिडकींतून पाहिलें असेल. तेथें उतरलेला मात्र विरळाच. आफ्रिकेंतील एखाद्या खेड्यांतील शाळेसाठीं दूरदेशचे लोक वर्गणी जमवितात असें आपण वाचतों, व अशी मदत घेणारे लोक आपल्याहून कोणी निराळे, अशी आपली समजूत असते. परंतु परक्या देशांतील वर्गणीवर उभी राहिलेली एक शाळा आपल्याच महाराष्ट्रांत होती, आणि तिची हकीकत या केडगांवाशीं निगडित आहे.

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतील गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें होतें. रमाबाईंस तें आईच्याच तोंडून मिळालें. हें कुटुंब तीर्थाटन करीत, पुराण सांगत फिरे. पुढें दुष्काळ आला, आणि आई, वडील व वडील बहीण अशीं तिघें थोड्याच अवधींत गेलीं. त्या उपासमारीचे दिवस बाई कधींही विसरल्या नाहींत.

१८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. दोन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, १८८२ च्या आरंभीं, पतीही वारले. कडेवर मनोरमा नांवाची तान्ही मुलगी होती. पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, आणि १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. तेथें त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठीं १८८६ सालीं रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या व अमेरिकेंतच दोन-अडीच वर्षें राहिल्या. गांवोगांव व्याख्यानें देऊन व पुस्तक लिहून त्यांनीं हिंदु बालविधवांची स्थिति लोकांपुढें मांडली. १८८७ च्या डिसेंबरांत बोस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापन झालें. ठिकठिकाणच्या मंडळांतून सामान्य स्त्रिया थोडीथोडी वर्गणी देऊं लागल्या. मात्र मदतीची मुदत दहाच वर्षें होती, आणि शाळेंत कोणावरही धर्माची सक्ति होऊं नये अशी अट होती.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. गोदूबाई ही तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी. याच पुढें धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. पुढल्या वर्षीं सदन पुण्यास आलें. १८९३ सालीं मोठें वादळ उठलें. कांहीं मुली बाईंच्या प्रार्थनेस बसूं लागल्या होत्या. बाईंचें म्हणणें असें कीं, आपण बोलावीत नाहीं, आणि आल्यास दारही लावीत नाहीं. न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांनीं सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. मी स्वतः ख्रिस्ती आहें, तरी त्या पालकांस दोष देण्यास माझें मन धजत नाहीं. विश्वासानें आपली लेक दुसऱ्याच्या घरीं ठेवणाऱ्या बापाची चिंता शिक्षकास कळली पाहिजे. आणि ज्या बाईनें दार लावलें नाहीं, तिचीही अडचण खरी होती.

दहा वर्षें हां हां म्हणतां सरतात, हें बाईंनीं आधींच ओळखलें होतें. पुढें शाळेस स्वतःचें उत्पन्न असावें म्हणून त्यांनीं केडगांवीं सुमारें शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणविल्या व फळझाडें लावलीं. मला या चरित्रांतील हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पैसा येत असतांना तो थांबेल त्या दिवसाची तजवीज करणारे थोडेच.

इतक्यांत १८९६ चा दुष्काळ पडला. मध्यप्रांतांतील उपाशी मुली पाहतांच बाईंस आपलें बाळपण आठवलें, व तेथून त्यांनीं सुमारें तीनशें मुली आणल्या. पुण्यांत प्लेग होता, म्हणून त्यांस केडगांवच्या रानांत नेलें. प्रथम तंबू व छपरें, मग पक्क्या इमारती. या मुली नाना जातींच्या. असोसिएशनचा पैसा शारदासदनासाठीं होता, तेव्हां यांचा भार बाईंनीं ईश्वरावर व अनोळखी दात्यांवर टाकला. १८९८ सालीं त्या पुन्हां अमेरिकेस गेल्या. मुदत संपली होती, तरी मंडळानें नव्या रूपानें साह्य चालू ठेवलें. १८९९-१९०० च्या दुष्काळांत आपला खानदेशही होरपळला. त्यानंतर केडगांवच्या मुक्तिसदनांतील माणसें दीड हजारांवर गेलीं.

एवढ्या तोंडांस नुसत्या दानावर कोण पोसणार? मुली शेतीं राबत, विणीत, तेल गाळीत, छापखान्यांत खिळे जुळवीत. आंधळ्या मुली बोटांनीं वाचावयास शिकल्या. ज्यांस गांवानें टाकलें होतें, त्यांतल्याच कित्येक पुढें शिक्षिका झाल्या.

बाईंनीं अखेरचीं वर्षें बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर करण्यांत घालविलीं; त्यासाठीं त्यांनीं हिब्रू व ग्रीक या भाषा अभ्यासिल्या. सर्व कारभार मनोरमेच्या हातीं सोंपवावा, असें त्यांच्या मनांत होतें. परंतु १९२१ सालीं मनोरमाच आधीं गेली. त्यानंतर वर्षही लोटलें नाहीं तोंच, ५ एप्रिल १९२२ रोजीं, केडगांवीं बाईंचा अंत झाला. संस्था मात्र बंद पडली नाहीं. ती आजही केडगांवीं चालू आहे.