शेजारी बिअरची ब्रुअरी होती, म्हणून एका पाद्र्याला सोडावॉटर सापडलं

सोड्याची बाटली उघडली की फस्स आवाज येतो. हा फसफसाट अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये एकाने पाण्यात भरला. भरणारा होता एक पाद्री, जोसेफ प्रीस्टली.

१७३३ साली जन्मलेला हा माणूस कापडाच्या धंद्यातल्या घरातला. बोलताना अडखळायचा, तरी धर्मोपदेशक झाला. १७६७ मध्ये लीड्सच्या चर्चमध्ये नेमणूक झाली आणि घर मिळालं ते नेमकं ब्रुअरीला खेटून.

ब्रुअरीत मोठमोठ्या पिंपांत बिअर आंबत असायची. आंबवण्याचं काम करतं यीस्ट. यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. ती साखर खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे पिंपातल्या बिअरवर त्याचा वीतभर जाड थर साचून राहायचा. यीस्ट जिवंत असतं हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. ते कळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. प्रीस्टलीला दिसलं ते एवढंच, की जळती काडी पिंपात खाली नेली की विझते, आणि तिचा धूर वर न जाता पिंपाच्या कडेवरून खाली ओघळतो.

मग त्याने त्या थरात दोन भांडी धरली आणि पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहिला. वायू पाण्यात विरघळला, चवीला किंचित आंबूस, झिणझिण्या आणणारं पाणी तयार झालं.

पुढे ते घर सुटलं, फुकटचा वायूही गेला. तेव्हा गडी खडूच्या भुकटीवर सल्फ्युरिक ॲसिड टाकून वायू बनवू लागला आणि तो डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीतून पाण्यात सोडू लागला. डॉ. नूथ नावाच्या गृहस्थाने तर तक्रारच केली, की या पाण्याला लघवीची चव येते!

१७७२ मध्ये प्रीस्टलीने ही कृती पुस्तिकेत छापून टाकली. पेटंट नाही, धंदा नाही. खलाशांचा स्कर्व्ही या पाण्याने बरा होईल अशी त्याला आशा होती. कॅप्टन कुकच्या जहाजांनाही ही कृती दिली गेली. पण स्कर्व्ही होतो सी जीवनसत्त्वाच्या कमतरतेने, त्यावर सोडा काय करणार? तरी १७७३ मध्ये रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक त्याला मिळालं. पुढच्याच वर्षी त्याने ऑक्सिजन वेगळा काढला.

पैसा कमावला तो दुसऱ्यानेच. योहान श्वेपने जिनिव्हात सोडावॉटरचा धंदा उभारला आणि १७९२ मध्ये तो लंडनला आला.

प्रीस्टलीही तेव्हा लंडनजवळच होता, पण घरदार गमावून. तो फ्रेंच राज्यक्रांतीचा समर्थक, शिवाय त्याची धर्ममतं सरकारमान्य चर्चच्या विरोधातली. जुलै १७९१ मध्ये बर्मिंगहॅममध्ये दंगल उसळली आणि जमावाने त्याचं घर, ग्रंथसंग्रह, प्रयोगशाळा सगळं उद्ध्वस्त केलं. तो बायकोसह कसाबसा निसटला. लंडनमध्येही लोक त्याला टाळू लागले. शेवटी १७९४ मध्ये, साठी ओलांडल्यावर, त्याने अमेरिकेचं जहाज पकडलं. पेनसिल्व्हेनियातल्या नॉर्थम्बरलँड गावात त्याने पुन्हा प्रयोगशाळा थाटली. ६ फेब्रुवारी १८०४ रोजी तिथेच तो वारला.