गोपाळ गणेश आगरकर : विचारास आचाराची जोड

वऱ्हाडांतील अकोला हें शहर वर्धा जिल्ह्यांतील वाचकांस अपरिचित नाहीं. सिंदी मेघे येथून वर्ध्याच्या स्टेशनावर जाऊन मुंबईकडची गाडी धरली म्हणजे अकोला वाटेंतच लागतें. त्या अकोल्याच्या शाळेंतून इ. स. १८७५ सालीं एक अत्यंत गरीब विद्यार्थी मॅट्रिकची परीक्षा उतरला. पाश्चात्य तत्त्ववेत्त्यांचा नीतिविचार मराठी वाचकांच्या दारीं आणणारे गोपाळ गणेश आगरकर ते हेच.

त्यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजीं कऱ्हाडजवळील टेंभू ह्या गांवीं झाला. घरीं दारिद्र्य असल्यामुळें विद्येसाठीं त्यांस कऱ्हाड, रत्नागिरी व अकोला अशी भटकंती करावी लागली. अकोल्यास विष्णु मोरेश्वर महाजनी ह्या गुरुजींनीं त्यांस आधार दिला. पुढें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत असतां त्यांजपाशीं एकच सदरा होता. तो रात्रीं धुवून सकाळीं अंगांत घालीत, असें सांगतात.

ह्याच काळांत मिल्ल व स्पेन्सर ह्या दोन इंग्रज तत्त्ववेत्त्यांच्या ग्रंथांनीं त्यांच्या मनाची पकड घेतली. मिल्ल ह्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, राजाच्या जुलमापेक्षां लोकमताचा जुलूम कित्येकदां अधिक जाचक असतो, कारण तो घराच्या चुलीपर्यंत शिरतो. ज्याच्या वर्तनानें दुसऱ्यास इजा होत नाहीं, त्यास अडविण्याचा समाजास अधिकार नाहीं. स्पेन्सर ह्यांनीं समाजास सजीव शरीराची उपमा दिली. शरीर वाढतें व बदलतें, तसा समाजही बदलतो. ह्या दोन विचारांवरून आगरकरांनीं एक साधी कसोटी तयार केली: रूढि जुनी आहे म्हणून ती चांगली ठरत नाहीं, तिच्यापासून माणसांस सुख होतें कीं दुःख, हें बुद्धीनें तपासावें. पति वारला म्हणून विधवेचें केशवपन करावयाचें, तर तिनें कोणाचा कोणता अपराध केला? असे प्रश्न ते उघडपणें विचारूं लागले.

एम. ए. झाल्यावर मोठी सरकारी नोकरी त्यांस मिळती. परंतु त्यांनीं आईस पत्र लिहून आपल्याकडून श्रीमंतीची आशा धरूं नये असें कळविलें, आणि पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलांत अल्प वेतनावर शिक्षकाचें काम पत्करलें. १८८१ सालीं निघालेल्या केसरी पत्राचे ते पहिले संपादक होत. कोल्हापूर संस्थानच्या कारभाराविषयींच्या लेखांवरून १८८२ सालीं त्यांस व टिळकांस मुंबईच्या डोंगरी तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले.

पुढें ह्या दोन मित्रांत मतभेद पडला. आधीं राजकीय स्वातंत्र्य कीं आधीं समाजसुधारणा, हा त्यांतील मुख्य प्रश्न होता. आगरकरांनीं १८८७ सालीं केसरी सोडला व १८८८ सालीं सुधारक हें पत्र काढलें. त्यांतील इंग्रजी भाग कांहीं काळ गोपाळ कृष्ण गोखले पाहत. स्त्रीशिक्षण, बालविवाह, जातिभेद ह्यांवर आगरकरांनीं निर्भयपणें लिहिलें. संमतिवयाची मर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेणाऱ्या १८९१ सालच्या कायद्याची त्यांनीं बाजू घेतली. लोक इतके खवळले कीं, पुण्यांत त्यांच्या जिवंतपणींच त्यांची प्रेतयात्रा काढण्यांत आली. तरी त्यांनीं लेखणी खालीं ठेविली नाहीं.

घरांतही त्यांनीं आपलें तत्त्व पाळलें. पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या होत्या. त्यांजवर त्यांनीं आपलीं मतें लादलीं नाहींत. बाहेर स्वातंत्र्याचीं व्याख्यानें देऊन घरीं हुकूम गाजविणारे पुष्कळ असतात. आगरकर त्यांपैकीं नव्हते.

१८९२ सालीं ते फर्ग्युसन कॉलेजाचे प्रिन्सिपाल झाले. दम्यानें शरीर पोखरलें होतें. १७ जून १८९५ रोजीं, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. आपल्या अंत्यविधीसाठीं लागणारे थोडे रुपये त्यांनीं पुडींत बांधून ठेविले होते, असें सांगतात.

ईश्वर आहे कीं नाहीं हें मनुष्यास कळणें शक्य नाहीं, असें आगरकरांचें मत होतें, आणि नीतीस धर्माचा आधार लागतोच असें ते मानीत नसत. येथें आमचा व त्यांचा मार्ग भिन्न आहे, हें झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु प्रिय वाचकहो, आपल्यापैकीं अनेकांच्या आजोबा-पणजोबांनीं मन:पूर्वक पटलेल्या गोष्टीसाठीं विहीर, पंगत व सोयरीक ह्यांस मुकण्याची किंमत दिली आहे. त्यांस आगरकरांचें दुःख समजलें असतें. आतां आपल्या मंडळींतही कांहीं चाली जुन्या होत चालल्या आहेत. लग्नांतील देणेंघेणें, मुलीची शाळा लवकर सुटणें, विधवेस मंगल कार्यांत मागें बसविणें, ह्यांपैकीं एखादी आपल्या घरीं आढळली, तर तिचा भार कोणाच्या डोक्यावर पडतो एवढें तरी त्या माणसासच विचारून पाहावें.