आपल्याच कंपनीत पगारदार

मराठी वाचकाला दादासाहेब फाळके ठाऊक असतात ते ‘राजा हरिश्चंद्र’चे जनक म्हणून. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमात तो चित्रपट लागला आणि हिंदी चित्रपटसृष्टीचा पाया घातला गेला, इथवर सारे जण सांगतात. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच हा माणूस आपणच उभ्या केलेल्या कंपनीत मासिक वेतनावर रुजू झाला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. गौरवग्रंथांना ते अडचणीचे वाटत असावे.

नोकरी फाळक्यांना नवी नव्हती. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईच्या जे. जे. कला शाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. चित्रकला, छायाचित्रण, प्रतिमा घडवणे, जे समोर आले ते त्यांनी शिकून घेतले. गोध्र्यात त्यांनी स्वतःचा फोटो स्टुडिओ थाटला. पण प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेले आणि तिथला मुक्काम संपला. पुढे बडोद्यातही हा धंदा जमला नाही. फोटो काढल्याने आयुष्य घटते, अशी समजूत लोकांत होती; ज्या गावात कॅमेऱ्याचीच धास्ती, तिथे फोटोग्राफरचे पोट कसे भरणार? नाटकांचे पडदे रंगवणे, जादूचे प्रयोग करणे असे उद्योगही करून झाले. अखेर १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून त्यांनी सरकारी चाकरी पत्करली. तोवर दुसरा विवाह झाला होता. सरस्वतीबाईंसह संसार नव्याने सुरू झाला होता आणि दरमहा हाती येणाऱ्या रकमेचे मोल कळण्यासारखी ती वेळ होती.

तरीही ही नोकरी त्यांनी काही वर्षांतच सोडली. भागीदारांच्या भांडवलावर छापखाना निघाला, तो नावारूपाला आला. रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणण्यासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले. पुढे भागीदारांशी बिनसले आणि फाळके रिकाम्या हातांनी बाहेर पडले. भागीदारी, यश, मतभेद, बहिर्गमन हा क्रम इथे पहिल्यांदा दिसतो. तो पुन्हा येणार होता.

चित्रपटाच्या ध्यासापायी त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले. कंपनीतल्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करून त्या माउलीने रात्री फिल्मला भोके पाडण्याचे कामही केले. या संसाराचा हिशेब मांडायचा तर अर्धे खाते त्यांच्या नावावर लिहावे लागेल. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले. तिथल्या एका निर्मात्याने चांगल्या वेतनावर इंग्लंडमध्येच चित्रपट काढण्याचा प्रस्ताव दिला. फाळक्यांनी तो नाकारला, कारण त्यांना धंदा हिंदुस्थानात आणि आपल्या हिमतीवर उभा करायचा होता. त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि सावकारांनी हात आखडले. नाशिकचा कारखाना कसाबसा तग धरून राहिला. १९१७ च्या ‘लंकादहन’ने त्याला पुन्हा उभारी दिली.

त्या यशानंतर मुंबईचे भांडवलदार स्वतःहून पुढे आले. १९१८ मध्ये ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. वामन श्रीधर आपटे व्यवस्थापक भागीदार होते आणि निर्मितीची सूत्रे फाळक्यांकडे होती. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ हे चित्रपट तुफान चालले. दुसऱ्यात बाळकृष्णाची भूमिका त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केली होती. पैसा येत होता. पण तो कसा खर्चावा यावर एकमत होईना. भागीदारांना खर्चावर लगाम हवा होता, फाळक्यांना तो गळफास वाटत होता. दोष एकाच बाजूला देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. पैसे घालणाऱ्याने जमाखर्च विचारला तर त्यात वावगे काय? आणि फाळके जमाखर्चात रमणारे गृहस्थ नव्हते.

ते कंपनी सोडून सहकुटुंब काशीला गेले. तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. त्यात त्या काळच्या नाट्यव्यवसायावरच टीका होती. १९२२ मध्ये ते रंगमंचावर आले. प्रेक्षकांनी त्याला बेताचाच प्रतिसाद दिला. ‘संदेश’कार अच्युत बळवंत कोल्हटकरांनी त्यांना परत येण्याची गळ घातली होती. चित्रपटाच्या दृष्टीने आपण आता जिवंत नाही, अशा आशयाचे उत्तर काशीहून आले. कोल्हटकरांनी ते छापले आणि वाचकांच्या विनवणीच्या पत्रांचा ओघ सुरू झाला.

अखेर आपट्यांच्या निमंत्रणावरून फाळके ‘हिंदुस्थान’मध्ये परतले. हुद्दा निर्मितीप्रमुख आणि तांत्रिक सल्लागाराचा होता, वेतन दरमहा १००० रुपये. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. अपमानाचा प्रश्न असेल तर तो आकड्यात नव्हता. कारखाना तोच, माणसे बरीचशी जुनीच. पण कोणता चित्रपट किती खर्चात करायचा, हा निर्णय आता त्यांचा एकट्याचा राहिला नव्हता. तरी ते काम टाळणारे नव्हते. त्या दशकात कंपनीतून पौराणिक आणि संतपटांची रांग लागली, ‘भक्त प्रल्हाद’ त्यातलाच. मात्र ‘लंकादहन’च्या वेळचे नवल त्यांत उरले नव्हते. कोल्हापुरात बाबूराव पेंटर ‘सिंहगड’ आणि ‘सावकारी पाश’ घडवत होते. प्रेक्षकांची अभिरुची पुढे सरकत होती आणि पगारदार फाळके ठरलेल्या चाकोरीत फिरत होते.

दशक सरता सरता त्यांनी ही नोकरीही सोडली. स्वतःच्या नावावर ‘सेतुबंधन’ हाती घेतला. मध्येच पैसा संपला आणि तो पुरा करण्यासाठी पुन्हा आपट्यांचीच मदत घ्यावी लागली. तोवर १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलला होता. १९३२ चा हा मूकपट जन्मतःच जुना ठरला. १९३४ मध्ये त्याला आवाज जोडून तो पुन्हा दाखवावा लागला. ‘हिंदुस्थान’ कंपनीचे दरवाजे १९३३ मध्येच बंद झाले होते.

साठी उलटल्यावर कोल्हापूर सिनेटोनचे बोलावणे आले, तेही पगारी कामाचेच. ‘गंगावतरण’ हा त्यांचा पहिला आणि अखेरचा बोलपट १९३७ मध्ये पडद्यावर आला. त्यानंतर ते नाशिकला परतले. १९३९ मध्ये चित्रपटसृष्टीच्या रौप्यमहोत्सवात त्यांच्यासाठी निधी गोळा करण्यात आला. त्या पैशातून नाशिकला घर झाले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांनी अखेरचा श्वास घेतला.