केशवराव भोळे : संवाद आणि संगीत

अमरावतीस १८९६ साली जन्मलेले केशवराव भोळे वैद्यकाचे शिक्षण सोडून संगीताकडे वळले. 'एकलव्य' या नावाने त्यांनी गायकांची चिकित्सक समीक्षा केली. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाला संगीत देताना गीते मोजकीच ठेवून संवादांना वाव दिला. पुढे 'प्रभात'च्या 'संत तुकाराम' (१९३६) चित्रपटातील अभंगांना त्यांनी चाली दिल्या. मात्र 'कुंकू'मध्ये (१९३७) दिग्दर्शक शांताराम यांनी पार्श्वसंगीत वर्ज्य केले. तेथे केशवरावांचे संगीत गीतांपुरतेच राहिले. वृद्ध पतीला नाकारणाऱ्या नीरेच्या शब्दांमागे वाद्यमेळ नाही. करुणा सुचविणारा सूरही नाही. तिच्या नकाराचा न्याय प्रेक्षकालाच करावा लागतो. संगीतकाराच्या चरित्रात हे मौनही नोंदवावयास हवे.